विश्लेषण : नजराणा की लाच? रॉबर्ट क्लाइव्हच्या संपत्तीचा हिशेब ब्रिटिश संसदेने का मागितला?

परदेशात कंत्राटे मिळवण्यासाठी लाच दिल्याबद्दल बड्या कंपन्यांवर खटले चालतात, जबर दंड होतात. अशा प्रकरणांत बचावाचे मुद्दे बहुधा ठरलेले असतात. त्या देशात तशीच पद्धत आहे, कंपनीचे काही नुकसान झालेले नाही आणि त्या वेळी तसा नियमच नव्हता. हे तिन्ही मुद्दे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ब्रिटिश संसदेत एका माणसाने स्वतःच्या बचावासाठी मांडले आणि तो सुटला. तो माणूस म्हणजे प्लासीचा विजेता, ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील गव्हर्नर रॉबर्ट क्लाइव्ह. साम्राज्याचा संस्थापक म्हणून शालेय पुस्तकांतून तो सर्वांना माहीत असतो. पण कंपनीच्या नोकराने परमुलखात किती आणि कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा गांभीर्याने विचारला गेला तोही त्याच्यामुळेच. त्या अर्थाने त्याचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

पाच पौंडांचा कारकून श्रीमंत कसा झाला?

क्लाइव्हचा जन्म २९ सप्टेंबर १७२५ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, मार्केट ड्रेटनजवळच्या स्टाइश या गावी झाला. घराणे जमीनदारांचे, पण कर्जात बुडालेले. अठराव्या वर्षी वडिलांनी त्याला कंपनीत चिकटवले. हुद्दा ‘रायटर’ म्हणजे सर्वात खालच्या पायरीचा कारकून. वाटेत जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर कित्येक महिने अडकून पडले आणि १७४४ मध्ये तो मद्रासला पोहोचला. पगार वर्षाला पाच पौंड.

हा आकडा लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ त्यात आहे. पाच पौंडांत मद्रासमध्ये कोणाचेच भागत नसे आणि ते कंपनीच्या संचालकांनाही पक्के ठाऊक होते. नोकराने पगारावर जगावे अशी अपेक्षाच नव्हती. त्याने स्वतःच्या नावावर खासगी व्यापार करावा, बंदराबंदरांतून माल फिरवावा, कंत्राटे घ्यावीत आणि काही वर्षांत गबर होऊन मायदेशी परतावे असा अलिखित करार होता. कंपनीचा पगार वाचत होता, नोकराची तुंबडी भरत होती. दोन्ही पैशांची सरमिसळ कुठे होते हे कोणी विचारत नव्हते.

क्लाइव्हला व्यापारात फारशी गोडी नव्हती. फ्रेंचांशी युद्ध सुरू झाल्यावर त्याने लेखणी टाकून तलवार घेतली आणि १७५१ मध्ये अर्काटच्या बचावामुळे त्याचे नाव झाले. पण त्याच्या पहिल्या संपत्तीचा उगम अर्काटच्या तटावर सापडत नाही. तो सापडतो कोठारात. सैन्याला धान्य, बैल आणि रसद पुरवण्याचे काम त्याच्याकडे आले होते आणि त्या पुरवठ्यावर दलाली सुटत असे. १७५३ मध्ये लग्न करून तो इंग्लंडला निघाला तेव्हा त्याच्यापाशी सुमारे ४० हजार पौंड होते. त्यातून त्याने वडिलांची कर्जे फेडली आणि उरलेला बराच पैसा संसदेची एक जागा मिळवण्यात घालवला. ती निवडणूक पुढे रद्द झाली. हात पुन्हा रिकामे झाले आणि १७५५ मध्ये तो परत हिंदुस्थानच्या वाटेला लागला. या वेळी मुक्काम मुंबई.

विजयदुर्गाशी क्लाइव्हचा काय संबंध?

क्लाइव्हचे नाव निघाले की मराठी वाचकाला बंगाल आठवतो. पण त्याआधीचा एक अध्याय कोकणात घडला आहे. पेशवे नानासाहेब आणि तुळाजी आंग्रे यांचे बिनसले होते आणि तुळाजीला नमवण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची जमिनीवरची फौज विजयदुर्गावर चालून गेली. इंग्रज या किल्ल्याला ‘घेरिया’ म्हणत. जमिनीच्या बाजूने रामाजी महादेव यांच्या हाताखाली पेशव्यांचे सैन्य होते. दोन दिवसांत किल्ला पडला. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले.

येथे लढाईपेक्षा तिच्या आधीची बैठक महत्त्वाची आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी ठरवून टाकली होती. अ‍ॅडमिरलला किती, कप्तानांना किती, शिपायाला किती असा तो तपशीलवार तक्ता होता. ज्यांच्या बोलावण्यावरून ही मोहीम निघाली त्या मराठ्यांचा त्यात हिस्सा नव्हता. किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची रोकड आणि माल इंग्रजांनी आपापसात वाटून घेतला. किल्लाही त्यांनी लगेच सोडला नाही. पेशव्यांच्या वारंवार तगाद्यानंतर ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्याला तह झाला, बाणकोट आणि आसपासची काही गावे इंग्रजांकडे राहिली आणि मग विजयदुर्ग मराठ्यांच्या हाती आला. आपल्याच आरमाराचा एक हात नानासाहेबांनी तोडून दिला, ही टीका मराठी इतिहासकारांनी पुढे अनेकदा केली आहे.

वाटणीत क्लाइव्हचा वाटा आरमारातील एका वरिष्ठ अधिकाऱ्यापेक्षा कमी ठरला म्हणून लष्करी अधिकारी कुरकुरले. तेव्हा वॉटसनने स्वतःच्या हिश्शातून फरक भरून देण्याची तयारी दाखवली आणि क्लाइव्हने ते पैसे नाकारले. त्याच्या चरित्रकारांना हा प्रसंग फार आवडतो. तो खोटा नाही. क्लाइव्ह हावरट कारकून नव्हता. सहकाऱ्याच्या खिशातून पैसे घेणे त्याला कमीपणाचे वाटे. शत्रूच्या, मित्रराजाच्या किंवा नवाबाच्या खिशाबद्दल मात्र त्याला तसे वाटत नसे.

प्लासी : लढाई की सौदा?

विजयदुर्गानंतर वर्षभरातच चित्र बदलले. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने जून १७५६ मध्ये कलकत्ता जिंकले. मद्रासहून क्लाइव्ह आणि वॉटसन निघाले आणि जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी शहर परत घेतले. इथपर्यंत हे युद्ध होते. त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन व्यापारी भाषेत केले तर जास्त नीट समजते. मुर्शिदाबादच्या गादीची बोली लागली होती. जगत्सेठांची पेढी, दिवाण राय दुर्लभ आणि सेनापती मीर जाफर हे विकत घेणाऱ्यांच्या बाजूला होते आणि विकायला बसली होती ती कंपनीची फौज.

सौद्याचा कागद झाला. मीर जाफर नवाब झाल्यावर कंपनीला नुकसानभरपाई म्हणून एक कोटी रुपये, कलकत्त्यातील युरोपीय रहिवाशांना ५० लाख, हिंदू रहिवाशांना २० लाख, आर्मेनियन व्यापाऱ्यांना सात लाख. सैन्य आणि आरमारासाठी आणखी ५० लाख. मध्यस्थी करणारा व्यापारी अमीरचंद, इंग्रजी कागदपत्रांतला ओमीचंद, याला सारे ठाऊक होते. गप्प बसण्याची किंमत म्हणून त्याने मोठा वाटा मागितला. क्लाइव्हने दोन करार तयार करवले. पांढऱ्या कागदावरचा खरा, त्यात अमीरचंदचे नाव नाही. तांबड्या कागदावरचा खोटा, त्यात त्याचा वाटा लिहिलेला. वॉटसनने खोट्या करारावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा त्याची सही दुसऱ्याच्या हाताने करण्यात आली. लढाईनंतर अमीरचंदला सांगण्यात आले की तांबडा कागद बनावट होता, त्याला काहीही मिळणार नाही. पुढे संसदेच्या समितीसमोर क्लाइव्हने हे लपवले नाही. उलट अशा प्रसंगी आपण पुन्हा तसेच करू, असे त्याने सांगितले.

२३ जून १७५७ रोजी प्लासीच्या आमराईत क्लाइव्हपाशी तीन हजारांच्या आसपास माणसे होती आणि समोर नवाबाची अवाढव्य फौज. त्या फौजेचा मोठा भाग मीर जाफरच्या हुकमतीखाली होता आणि तो जागचा हलला नाही. संध्याकाळपर्यंत निकाल लागला.

किती पैसा, आणि तो कोणाचा?

करारात लिहिलेल्या रकमांव्यतिरिक्त खासगी नजराणे होते. लाच या शब्दाचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. पुढे संसदीय समितीने काढलेल्या हिशेबानुसार एकट्या क्लाइव्हला मिळालेली रक्कम अशी : समितीचा सदस्य म्हणून दोन लाख ८० हजार रुपये, सेनापती म्हणून दोन लाख आणि नवाबाची वैयक्तिक भेट म्हणून १६ लाख. एकूण २० लाख ८० हजार रुपये. त्या काळच्या दराने ही रक्कम दोन लाख ३४ हजार पौंड भरत होती. वर्षाला पाच पौंडांवर लागलेला कारकून १३ वर्षांत येथे पोहोचला होता. कलकत्त्याच्या कौन्सिलमधील इतरांनीही आपापले हात धुऊन घेतले.

मुर्शिदाबादच्या खजिन्यात एवढा पैसा निघालाच नाही. ठरलेल्या रकमेपैकी निम्मी लगेच आणि उरलेली तीन वर्षांच्या हप्त्यांनी द्यायची असे ठरले. पहिला हप्ता पेट्यांत भरून होड्यांच्या मोठ्या ताफ्यातून, वाजतगाजत भागीरथीने कलकत्त्याला गेला. पुढचे हप्ते थकले तेव्हा मीर जाफरला बर्दवान, नदिया यांसारख्या मुलखांचा महसूल कंपनीकडे लावून द्यावा लागला. त्यामुळे नवाबाने आनंदाने दिलेली भेट असे ज्याचे वर्णन झाले तिची वसुली शेवटी भातशेती करणाऱ्या रयतेकडून होत होती. प्लासीच्या विजयाच्या बहुतेक वर्णनांत ही रयत कुठेच दिसत नाही, आणि पुढे संसदेतही ती दिसणार नव्हती.

क्लाइव्ह एवढ्यावर थांबला नाही. मोगल दरबाराची मनसब आपल्याला मिळाली, पण मनसबीबरोबर येणारी जहागीर मिळाली नाही, असे त्याने नवाबाकडे सुचवले. १७५९ मध्ये मीर जाफरने त्याला जहागीर दिली, तीही विलक्षण. कलकत्त्याभोवतीच्या चोवीस परगण्यांची जमीनदारी कंपनीकडे होती आणि त्याबद्दल कंपनी नवाबाला दरवर्षी खंड भरत असे. तो खंडच नवाबाने क्लाइव्हच्या नावे केला. परिणामी कंपनी आपल्याच नोकराची कूळ झाली आणि त्याला वर्षाला सुमारे २७ हजार पौंड देऊ लागली. आजच्या कंपनी कायद्यात हितसंबंधांच्या संघर्षाचे उदाहरण द्यायचे तर याहून सोपे सापडणार नाही.

हा पैसा इंग्लंडला नेला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. चांदी जहाजात भरून नेणे धोक्याचे होते. क्लाइव्हने सुमारे एक लाख ८० हजार पौंड डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हुंड्यांवर पाठवले. डचांना बंगालमध्ये माल घ्यायला रोकड हवी होती, इंग्रज नोकरांना रोकड युरोपात हवी होती. काही पैसा हिऱ्यांच्या रूपाने गेला. ही सोय एवढी रुळली की कंपनीचे नोकर आपल्याच कंपनीच्या प्रतिस्पर्ध्याला भांडवल पुरवत होते. आंतरराष्ट्रीय काळा पैसा कसा फिरतो याचे आज जे वर्णन केले जाते, त्यातली डिजिटल भाग वगळून बाकी सारी यंत्रणा तेव्हा उभी होती.

लाच थांबवण्यासाठी क्लाइव्हलाच का पाठवले?

१७६० मध्ये तो मायदेशी परतला. पार्लमेंटचा सदस्य झाला, आयर्लंडमधील सरदारकी मिळाली आणि तेथील आपल्या इस्टेटीला त्याने प्लासी हे नाव दिले. कंपनीचे प्रभावी संचालक लॉरेन्स सलिवन यांनी जहागिरीची रक्कम रोखली तेव्हा क्लाइव्हने भागधारकांच्या सभेत लढाई दिली. ५०० पौंडांचे समभाग ज्याच्या नावावर त्याला एक मत, असा नियम होता. क्लाइव्हने लाखभर पौंडांचे समभाग घेऊन ते आपल्या माणसांच्या नावांवर तुकड्या-तुकड्यांनी लावले. विरोधकही हाच उद्योग करत होते.

दरम्यान त्याच्या पश्चात बंगालमध्ये गादीची विक्री हा नियमित धंदा झाला होता. १७६० मध्ये मीर जाफरला उतरवून मीर कासीमला बसवले, कौन्सिलला नजराणे मिळाले. मीर कासीम हुशार निघाला. कंपनीचे नोकर आणि त्यांचे गुमास्ते कंपनीच्या ‘दस्तका’खाली स्वतःचा खासगी माल जकात न भरता फिरवत आणि देशी व्यापारी बुडत. त्याने सर्वांचीच जकात माफ करून टाकली. नोकरांचा फायदा संपताच युद्ध पेटले. मीर जाफर पुन्हा गादीवर आला, पुन्हा नजराणे निघाले. १७६५ च्या सुरुवातीला तो मरण पावला तेव्हा त्याचा मुलगा नज्मउद्दौला याला बसवण्यासाठी कौन्सिलने पुन्हा पैसे घेतले. या खेपेला एक अडचण होती. संचालकांनी नवे करारपत्र पाठवले होते. चार हजार रुपयांवरची भेट कंपनीकडे जमा करायची आणि एक हजारांवरची कौन्सिलच्या परवानगीशिवाय घ्यायची नाही, असे त्यात होते. कागद कलकत्त्याला पोहोचला होता. सह्या मात्र कोणी केल्या नव्हत्या. आधी नजराणे उरकून घेतले गेले.

या गोंधळावर उपाय म्हणून क्लाइव्हला गव्हर्नर करून पाठवण्यात आले. मे १७६५ मध्ये तो कलकत्त्याला उतरला आणि त्याने सर्वांकडून सह्या करून घेतल्या. नजराणे घेणाऱ्या कौन्सिलच्या सदस्यांची चौकशी लावली. त्यांच्यातला आघाडीचा जॉन जॉनस्टन याचे म्हणणे साधे होते. आम्ही जे केले ते तुम्हीच प्लासीनंतर केले होते. याला क्लाइव्हपाशी पटण्याजोगे उत्तर नव्हते. तेव्हा नियम नव्हता आणि आता आहे, एवढेच तो सांगू शकत होता. जॉनस्टन राजीनामा देऊन मोठी संपत्ती घेऊन इंग्लंडला गेला आणि त्याच्या भावांनी पुढे क्लाइव्हविरुद्धच्या मोहिमेत हिरिरीने भाग घेतला.

या दुसऱ्या कारकिर्दीत क्लाइव्हने स्वतः नजराणे घेतले नाहीत, असे त्याचे कडवे टीकाकारही फारसे नाकारत नाहीत. मीर जाफरने मृत्युपत्राने ठेवलेले पाच लाख रुपयेदेखील त्याने खिशात घातले नाहीत. त्यातून जखमी व आजारी सैनिक, अधिकारी आणि त्यांच्या विधवांसाठी निधी उभारला. १७६६ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांचा दुहेरी भत्ता बंद केल्यावर त्यांनी एकजुटीने राजीनामे दिले, तेही बंड त्याने मोडून काढले. हा माणूस दुटप्पी होता असे म्हणून मोकळे होता येत नाही, ते यामुळे.

पण याच काळातील आणखी दोन गोष्टी आहेत. मीठ, सुपारी आणि तंबाखूच्या देशांतर्गत व्यापाराची मक्तेदारी त्याने कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या एका मंडळीला दिली. हेतू असा सांगितला गेला की पगार तुटपुंजे आहेत, लाच बंद करायची तर दुसरे उत्पन्न द्यायला हवे. तर्क चुकीचा नव्हता, पण त्याची किंमत मीठ विकत घेणाऱ्या प्रत्येक घराने मोजली. गव्हर्नर म्हणून आलेले हिस्से त्याने नातलग, सचिव आणि डॉक्टर यांच्यासाठी लावले. लंडनहून विरोध झाला आणि काही वर्षांत ही मंडळी मोडली. दुसरी गोष्ट समभागांची. कलकत्त्याला जाताना मद्रासमध्येच त्याला बंगालमधील घडामोडी समजल्या. कंपनीचे दिवस पालटणार हे त्याने ओळखले आणि लंडनमधील आपल्या माणसांना, एकाला तर सांकेतिक लिपीत, कंपनीचे समभाग मिळतील तेवढे घेण्याचे कळवले. १२ ऑगस्ट १७६५ रोजी अलाहाबादला बादशहा शाह आलम याच्याकडून बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीला मिळाली. त्याबदल्यात बादशहाला वर्षाला २६ लाख रुपये. लंडनमध्ये बातमी पोहोचताच समभाग उसळले. हल्ली याला इनसायडर ट्रेडिंग म्हणतात आणि सेबीची नोटीस येते. तेव्हा त्याला दूरदृष्टी म्हणत.

संसदेत नेमके काय घडले?

१७६७ मध्ये क्लाइव्ह कायमचा परतला. त्यानंतर १७६९-७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जच्या अंदाजाप्रमाणे एक तृतीयांश लोक मेले आणि तरीही १७७१ ची महसूलवसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ पेक्षा जास्त झाली. या बातम्या इंग्लंडमध्ये पोहोचत होत्या. हिंदुस्थानातून पैसा आणणाऱ्यांना तेथे ‘नेबॉब’ म्हणजे नवाब म्हणून हिणवले जाऊ लागले होते. १७७२ मध्ये पतपेढ्या कोसळल्या आणि कंपनीवर सरकारकडे हात पसरण्याची वेळ आली. पुढच्या वर्षी तिला १४ लाख पौंडांचे कर्ज मिळाले. नोकर कोट्यधीश आणि कंपनी दिवाळखोर, हे गणित खासदारांना पटेना.

जनरल जॉन बर्गोइन याच्या अध्यक्षतेखाली निवड समिती बसली. (याच बर्गोइनने पुढे १७७७ मध्ये अमेरिकेत साराटोगा येथे शरणागती पत्करली.) समितीने साक्षी घेतल्या, रकमा जोडल्या. १७५७ पासूनच्या सुमारे दहा वर्षांत बंगालमधून खासगी नजराण्यांच्या रूपाने गेलेली रक्कम २० लाख पौंडांहून अधिक भरली. क्लाइव्हला प्रश्नांच्या फैरी झेलाव्या लागल्या आणि प्लासीच्या विजेत्याला एखाद्या चोरासारखे उभे केले जात असल्याची त्याची तक्रार होती.

बचावात त्याने जे सांगितले त्याचा गाभा असा. पूर्वेकडील दरबारांत विजेत्याला नजराणा देण्याची रीत आहे. कंपनीला कोट्यवधींचा लाभ करून दिल्यावरच आपण घेतले, त्यामुळे मालकाचे नुकसान नाही. संचालकांना सर्व कळवले होते आणि तेव्हा मनाई नव्हती. शिवाय मुर्शिदाबादच्या खजिन्याची दारे आपल्यासाठी उघडली होती, दोन्ही बाजूंना सोने आणि जडजवाहीर रचलेले होते, हे आठवले की आपण किती कमी घेतले याचेच आपल्याला नवल वाटते, असेही त्याने सभागृहाला ऐकवले.

मे १७७३ मध्ये निर्णायक चर्चा झाली. बर्गोइनने मांडलेले तत्त्व सभागृहाने मान्य केले : लष्करी बळाने किंवा परकीय राज्यकर्त्यांशी तह करून जे मिळते ते राज्याचे असते, कोणा व्यक्तीचे नाही. क्लाइव्हला दोन लाख ३४ हजार पौंड मिळाले, हेही सभागृहाने नोंदवले. पण त्यात त्याने अधिकाराचा गैरवापर केला, हे शब्द मंजूर झाले नाहीत. अखेरीस पहाटेच्या सुमारास आणखी एक ठराव झाला. क्लाइव्हने देशाची मोठी आणि गौरवास्पद सेवा केली आहे.

या निकालावर नंतर पुष्कळ लिहिले गेले. बहुतेकांनी त्याला ब्रिटिश धाटणीची तडजोड म्हटले आहे. त्यापेक्षा खटकणारी गोष्ट ठरावाच्या पहिल्या भागात आहे. हा पैसा क्लाइव्हचा की ब्रिटिश राज्याचा, एवढाच वाद होता. तो बंगालचा आहे का, हा प्रश्न मतदानाला आलाच नाही. ज्याच्या घरातून चोरीचा माल गेला, तो फिर्यादी म्हणून कुठे नव्हताच.

नियम काय बदलला?

त्याच वर्षी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट झाला. गव्हर्नर जनरल, कौन्सिलचे सदस्य, न्यायाधीश आणि कंपनीच्या कोणत्याही नोकराने देशी राजे किंवा प्रजेकडून नजराणा, भेट वा बक्षीस घेण्यास बंदी आली. घेतल्यास दुप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूद झाली. वकील, वैद्य, शल्यविशारद आणि धर्मोपदेशक यांना आपापल्या व्यवसायाची फी घेण्याची मुभा राहिली. आणि पाच पौंडांच्या पगाराचा धडा शिकून गव्हर्नर जनरलला वर्षाला २५ हजार पौंड, तर कौन्सिलच्या सदस्यांना दहा हजार पौंड वेतन ठरले. त्याने लाच थांबली नाही. पहिला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यालाही पुढे महाभियोगाला तोंड द्यावे लागले, तो १७८८ पासून सात वर्षे चालला आणि सुटकेत संपला. पण रिवाज होता म्हणून घेतले, ही सबब निदान कागदावर बंद झाली.

आजच्या कायद्यांत चित्र उलटे आहे. अमेरिकेचा १९७७ चा विदेशी लाच प्रतिबंधक कायदा लॉकहीडसारख्या प्रकरणांनंतर आला. त्यात कंपनी ही देणारी आणि परक्या देशाचा अधिकारी हा घेणारा धरला आहे. क्लाइव्हच्या बंगालमध्ये सत्ता कंपनीच्या हाती होती, म्हणून पैसा कंपनीच्या माणसाकडे वाहत होता. लाच नेहमी सत्तेच्या दिशेने जाते, एवढेच यातून दिसते. बचावाचे मुद्दे मात्र बदललेले नाहीत. ब्रिटनच्या २०१० च्या लाचविरोधी कायद्यात तर स्पष्टच म्हटले आहे की त्या देशाच्या लेखी कायद्यात परवानगी नसेल तर स्थानिक चालीरीतींचा विचार न्यायालयाने करायचा नाही. क्लाइव्हचा पहिला मुद्दा त्याच्याच देशात बाद व्हायला २३७ वर्षे लागली.

मीर जाफरच्या पाच लाखांचे पुढे काय झाले?

संसदेने सोडल्यानंतर क्लाइव्ह जेमतेम दीड वर्ष जगला. पोटाचे जुने दुखणे, अफूची सवय आणि खोल खिन्नता यांनी तो पोखरला होता. २२ नोव्हेंबर १७७४ रोजी लंडनच्या बर्कले स्क्वेअरमधील घरात त्याचा मृत्यू झाला. त्याने स्वतःच जीवन संपवले असे बहुतेक चरित्रकार मानतात. वय ४९. श्रॉपशायरमधील मोर्टन से येथील गावच्या चर्चमध्ये त्याला पुरले, तेव्हा थडग्यावर नावही घातले नव्हते. मुलाने वेल्समधील पोविस घराण्यात लग्न केले आणि हिंदुस्थानातून आलेल्या वस्तूंचा संग्रह आज पोविसच्या किल्ल्यात पाहता येतो. लंडनमध्ये परराष्ट्र खात्याच्या इमारतीशेजारी त्याचा पुतळा आहे. २०२० मध्ये तो आणि श्रूझबरीचा पुतळा हलवण्याची मागणी झाली. श्रूझबरीचा पुतळा तेथील कौन्सिलने मतदान करून जागेवर ठेवला.

सैनिक आणि विधवांसाठी काढलेला निधी मात्र बराच काळ चालला. कंपनीची फौज हा त्याचा आधार होता. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला आणि ती फौजही उरली नाही. निधीच्या मूळ दस्तात, कंपनीने अशी फौज बाळगणे थांबवले तर पैसा क्लाइव्हच्या वारसांकडे परत जावा, अशी अट होती. वारसांनी दावा लावला. भारतमंत्र्यांनी विरोध केला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १८६३ मध्ये निकाल वारसांच्या बाजूने लागला. मुर्शिदाबादहून निघालेली मीर जाफरची रक्कम शंभर वर्षांनी क्लाइव्ह कुटुंबाच्या पदरात पडली.